काही झालेलं नाही

सुरेखा पहिल्यांदा पळाली, त्याच सकाळी तिची सासू वारल्याची बातमी गावभर झाली.

बातमी हनुमंतने पोचवली. तो मोटारसायकलवर दुधाचे कॅन लावून डेअरीकडे निघाला होता. पाटाच्या रस्त्यावर समोरून सुरेखा आली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली, पायांत लेकीचे शाळेचे पांढरे बूट. अडतीस वर्षांची बाई भल्या सकाळी रस्त्याने पळते म्हणजे घरात काहीतरी झालं असणार. त्याने गाडी थांबवली.

"वैनी, काय झालं? म्हातारी गेली का काय?"

सुरेखाने निघतानाच सगळा जोर लावला होता. आता दम लागून तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिने नुसता हात हलवला. 'तुम्ही जा' असं तिला म्हणायचं होतं. हनुमंतला वाटलं, सगळं संपलं.

ती घरी आली तेव्हा दारात पाच-सहा माणसं माना खाली घालून उभी होती. त्यांच्यासमोर ओट्यावर तिची सासू बायडाबाई मिश्री लावत बसली होती.

"आरं पन गेलं कोन?" ती विचारत होती.

शेवटी एक जण म्हणाला, "तुमीच, आक्का."

"मला तर कुनी सांगितलं न्हाई," बायडाबाई म्हणाली आणि चूळ भरायला उठली.

सुरेखा घरी ब्लाऊज शिवायची. तिचा नवरा आदिनाथ गावच्या स्टँडवर विहिरीच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. शेवगावला जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाच किलोमीटरची शर्यत होती. तिची जाहिरात मोबाईलवर आली आणि सुरेखाने नाव दिलं, एवढंच झालं होतं. त्याआधी ती कधी पळाली नव्हती. तिच्या शाळेत शर्यती मुलांच्या असत. मुलींना लंगडी.

संध्याकाळी आदिनाथ तापून घरी आला. "गिऱ्हाईक इचारतंय, दहावा कवा हाय! उद्यापासनं बंद."

"न्हाई," सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. उसाच्या ट्रॉल्या टेपवर गाणी लावून शेजारून जायच्या. एक ड्रायव्हर ओरडला, "ताई, एसटी चुकली का?" ती चालण्याच्या टप्प्यात होती, म्हणून बोलता आलं. "तुझा ऊस सांडतोय मागं, त्ये बघ."

मग एकाएकी गावाचं हसणं थांबलं. लोक तिला बघून बाजूला होऊ लागले. "वैनी, जपून," हनुमंत म्हणायचा. शेजारच्या भागूबाईने न मागता कारली आणून दिली. गाव इतकं समजूतदार कशाने झालं, हे सुरेखाला कळेना.

ते संक्रांतीला कळलं. भागूबाईकडे हळदीकुंकू होतं. सगळ्यांच्या हातावर तिळाचा लाडू पडला. सुरेखाच्या हातावर चमचाभर कोरडे तीळ.

"तुला गोड चालत न्हाई ना, बाई," भागूबाई हळू आवाजात म्हणाली. "आदिनाथ भावजी सांगत हुते. शुगर लई वाढलीय, डॉक्टरनं पळायला लावलंय."

सुरेखाने ते तीळ ताटलीत परत ठेवले. ताटातले दोन लाडू उचलले आणि सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या, दोन्ही खाल्ले. बायका "अगं, अगं" करत राहिल्या.

घरी तिने शिलाई मशीनवर हात ठेवून विचारलं, "मला शुगर कवा झाली?"

"तुझ्यासाठीच केलं मी," आदिनाथ म्हणाला. "आता हसतंय का कुनी? औषध म्हनून पळती म्हटलं की लोक वाट सोडत्यात."

"मी आजारी न्हाई."

"नको असू. शर्यत होईस्तवर असू दे की. तुझं काय जातंय?"

"मग त्यात मी कुठं? शर्यतीला डॉक्टरची चिठ्ठीच पाठवा."

"मग तूच सांग, कशासाठी पळतीस? लोकांना काय सांगू मी?"

"पळावं वाटतं म्हनून."

"ह्ये काय कारन झालं?"

बायडाबाई कोपऱ्यात गहू निवडत होती. तिने पंधरा हंगाम ऊसतोडीला घालवले होते. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "डोक्यावर मोळी घिऊन मी फळीवरनं ट्रकात चढायची. मुकादम खालनं वरडायचा, पळ, पळ. तवा कुनी इचारलं न्हाई, बाई का पळती. आता मोकळ्या हातानं पळती तर समद्यांच्या पोटात दुखाया लागलं."

आदिनाथ उठला. "मी शेवगावला येनार न्हाई. सांगून ठेवतो."

"नका येऊ. जीप जाती."

त्यानंतर सुरेखाने एक काम अंगावर घेतलं. रस्त्यात जो कोणी तब्येत विचारेल, त्याला पळता पळता उत्तर द्यायचं. "मला कायबी झालेलं न्हाई." थांबून सांगितलं की माणूस मान हलवून 'बिचारी' म्हणे, म्हणून थांबायचं नाही. पण जोरात पळताना बोलता येत नव्हतं. पूर्ण वाक्य निघेल इतका वेग तिला कमी करावा लागला. आणि वेग कमी केल्यावर एक गोष्ट झाली, जी तिला कुणी शिकवली नव्हती: दम पुरू लागला. खांबामागून खांब गेले. एका सकाळी ती चालायचं विसरूनच पाटाच्या पुलापर्यंत पोचली.

शर्यतीच्या दिवशी शेवगावात माईकवर कल्याण सर होते. शाळेत शिकवायचे, सगळ्या कार्यक्रमांचं निवेदन करायचे, आणि आदिनाथच्या दुकानी त्यांचं येणंजाणं होतं. सुरेखाला बघताच त्यांचा आवाज जड झाला. "मधुमेहाशी झुंज देणाऱ्या आमच्या सुरेखाताई! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. सुरेखा माईककडे निघाली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

सगळे सुसाट सुटले. ती शेवटी राहिली. आपल्या वाक्याच्या वेगाने पळत राहिली. परतीच्या वळणाआधीच सुसाट सुटलेल्यांपैकी बरेच जण कमरेवर हात ठेवून चालत होते. एकेकाला तिने मागे टाकलं. शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या आवळल्या, ऊन डोळ्यांवर आलं. मोटारसायकलवरचा एक स्वयंसेवक तिच्या शेजारी आला.

"काकू, बसा मागं. शुगर असल्यावर जिवाशी खेळ नको."

"मला कायबी झालेलं न्हाई," ती पळता पळता म्हणाली. "गाडी पलीकडं घे. धूर येतोय."

तिने शेवटची रेषा ओलांडली तेव्हा पुढच्यांचा सत्कार चालू होता. कल्याण सर माईक घेऊन धावले. "सुरेखाताई, मधुमेही भगिनींना काय संदेश द्याल? डॉक्टर काय म्हणाले होते?"

तिने माईक हातात घेतला. दोन श्वास घेतले. पुरले.

"डॉक्टरकडं मी गेलेच न्हाई. मला शुगर न्हाई, बीपी न्हाई. घरात कुनी मेलेलं न्हाई. मला पळायचं हुतं, मी पळाले."

"हो, पण ताई, कशासाठी?"

"आत्ता सांगितलं की," ती म्हणाली आणि माईक परत दिला.

मैदानाच्या फाटकाशी आदिनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. येणार नाही म्हणणारा आला होता. कर्ण्यावरचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"चार लोकांत मला खोटं पाडलंस."

"खोटं तुमी बोललात. मी नुसतं दुरुस्त केलं."

त्याने गाडीचा आरसा सरळ केला. मग त्याने गाडीला किक मारली. "बस."

ती बसली.

सोमवारी सकाळी हनुमंत कॅन घेऊन पाटाच्या रस्त्याने येत होता. समोरून पांढरे बूट येताना दिसले. त्याने गाडी हळू केली.

"वैनी, शर्यत झाली की! शुगर बी न्हाई म्हनत्यात. आता कशाला?"

"कायबी झालेलं न्हाई, भावजी," सुरेखा न थांबता म्हणाली. चार पावलं पुढे गेल्यावर तिने मागे वळून आवाज दिला, "आन म्हातारी धडधाकट हाय. गावात जाऊन तेवढं सांगा."