सतरावं मिनिट

"प्रोसेसरच बदलून द्या," ज्योत्स्नाने लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवता ठेवताच सांगितलं. "सा वर्सांचा झाला तो. आता त्याच्यानं होत नाई."

"बसा तर खरं, ताई," हरिसिंग म्हणाला.

ती बसली नाही. शिरपूरहून मालेगावला येताना तिने बसमध्ये वीसेक वेळा घड्याळ पाहिलं होतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला ड्रोनने काढलेले चारशे फोटो पाठवले होते. ते जोडून शेतांचा सलग नकाशा करायचा आणि आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा. जमलं तर घरबसल्या नोकरी, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. तीनदा काम लावलं, तिन्ही वेळा लॅपटॉप मध्येच बंद पडला. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या ज्योत्स्नाने वहीत नोंदी ठेवल्या होत्या: अकराव्या मिनिटाला वेग निम्म्यावर, सतराव्या मिनिटाला पडदा काळा.

हरिसिंगने वही वाचली. "ह्याच्यात प्रोसेसर बोर्डालेच सोल्डर केलेला राह्यते. बदलाचा म्हणजे पूरा बोर्ड. नागपूरहून याले आठ दिवस. अन् एवढं करून फरक पडनच, असं मी म्हणत नाई."

"मले आजच पाह्यजे, भाऊ!"

"आधी पंखा पाह्य म्हणा," मागच्या बाकावरून दौलतराव बोलले. ते तिचे वडील. तीस वर्षं त्यांनी विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग केलं होतं. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला आणि उजवा हात थरथरायला लागला. "घरूनच सांगून राह्यलो इले."

"बाबा, हा मोटरपंप नोहे."

"गरम होते ना? मंग. गरम काहून झाली ते आधी पाहाव, मंग वाइंडिंगले हात लावाव. मी नववी नापास, पण एवढं समजते मले."

"काकाची गोष्ट पटते, ताई," हरिसिंग हसला आणि स्क्रू काढायला लागला.

झाकण निघालं. पंख्याच्या पात्यांवर लालपिवळा लगदा वाळून बसला होता. त्यात तांदळाचे दाणे अडकले होते.

"दसऱ्याले पूजा करता का याची?" हरिसिंगने विचारलं.

लकव्यानंतर दौलतरावांनी आपली अवजारांची पेटी मदनसिंग मिस्त्रीला देऊन टाकली होती. दसऱ्याला पाटावर मांडायला घरात अवजार म्हणून हा लॅपटॉपच उरला. दोन्ही दसऱ्यांना त्यांनी तो पालथा घातला आणि मोटारीला लावतात तसं हळदकुंकू पंख्याच्या जाळीवर लावलं, वर अक्षता वाहिल्या. हात थरथरल्याने जरा जास्तच सांडलं होतं. तिने ते पाहिलं होतं.

"म्हणजे मीच बंद पाडला," दौलतराव म्हणाले.

"कायचं? कुटार पाहा ना किती हाये," ज्योत्स्ना घाईने म्हणाली. "सोयाबीन काढतात तवा भुसा उडते, अन् खिडकी उघडीच राह्यते आपली."

हरिसिंगने तिच्याकडे पाहिलं. "हो काका, कुटारच जास्ती हाये," म्हणत त्याने पंखा पुसलेलं फडकं लाल बाजू आत घेऊन दुमडलं. प्रोसेसरवरची सुकलेली उष्णतावाहक पेस्ट खरवडून नवी लावली. "बदलाची काई गरज नाई. जीव गुदमरून राह्यला होता याचा."

घरी पोचेपर्यंत तीन वाजले. फोटो जोडायला लावण्याआधी दौलतरावांनी फडताळातून तांब्याच्या तारेची चार रिकामी रिळं आणली. पेटीबरोबर द्यायची तेवढी राहून गेली होती. ती लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली ठेवली. "खालून हवा घेऊ दे त्याले."

ज्योत्स्ना वही उघडून बसली. अकरावं मिनिट. वेग तोच. चौदावं. तिने पेनाचं टोपण चावून चपटं केलं. सोळावं.

दौलतराव पुढे झाले. त्यांनी उजवा हात लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीपुढे धरला, आयुष्यभर मोटारींपुढे धरला तसा.

"हवा येऊन राह्यली," ते म्हणाले. "चालू दे."

सतराव्या मिनिटाची नोंद करायची राहून गेली. नकाशा एक्केचाळीस टक्क्यांवर होता. हात थरथरत होता, पण त्यांनी तो काढला नाही.