बटण दाबल्यानंतर

संशोधन केंद्रातल्या सगळ्यात छळवादी नियमाला पीएचडीची मुलं ‘अदलाबदल’ म्हणत. दोन वेगळ्या विषयांतल्या दोघांची जोडी लावायची, आणि वर्षाच्या परीक्षणात प्रत्येकानं स्वतःचं नव्हे, जोडीदाराचं काम समितीपुढे सांगायचं. ज्याचं काम, त्यानं मागच्या रांगेत तोंड मिटून बसायचं. समितीला पटलं तर प्रबंध लिहायला घ्या, नाही पटलं तर पुन्हा कामाला लागा. नियम काढला होता संचालिकांनी, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. एका छपराखाली बसून चहा ढोसण्याला सहकार्य म्हणत नाहीत, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

गणिती आणि ब्रदर ही त्यातलीच एक जोडी. ती गणितातली, म्हणून गणिती. तो आधी इस्पितळात परिचारक होता. तिथं त्याला ब्रदर म्हणत, आणि ते नाव त्याच्या मागोमाग इथंही आलं. वयानं तो तिच्याहून बराच मोठा, बोलका, आणि टेबलावर पसारा मांडण्यात पटाईत. तिच्या टेबलावर पेन्सिलसुद्धा सरळ रेषेत असायची.

दोघांचा प्रश्न मात्र एकच. अतिदक्षता विभागातले मॉनिटर दिवसभर कोकलत असतात. रुग्ण कुशीवर वळला, बोटावरचा चिमटा सरकला, की यंत्रानं बोंब मारलीच. अशा खोट्या अलार्मच्या गर्दीत खरा अलार्म निसटतो. खोटे अलार्म आधीच ओळखेल असा प्रोग्राम गणिती करत होती, आणि अलार्म वाजल्यावर नर्स काय करतात ते ब्रदर वॉर्डात बसून टिपत होता.

आता प्रोग्रामला खोटा अलार्म म्हणजे काय ते कुणीतरी शिकवायला हवं. गणितीनं त्यासाठी सोपी खूण धरली होती. अलार्म वाजताच नर्सनं बटण दाबून तो बंद केला, तर तो खोटा. तिनं ओळखला आणि गप्प केला. बटण उशिरा दाबलं तर खरा, कारण ती आधी रुग्णाकडे बघत होती. मॉनिटरमध्ये सगळ्या वेळा नोंदलेल्या असतातच. निकाल इतके छान येत होते की वरच्या मजल्यावरचे लोक येऊन तिची पाठ थोपटून जात. यंदा प्रबंधाची परवानगी मिळणार हे ती धरूनच चालली होती.

या विषयाकडे ती का वळली, ते केंद्रात कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे बाबा अशाच एका वॉर्डात गेले. भर दुपारी अलार्म वाजला, नर्स आली, आणि तिनं पहिलं काय केलं, तर बटण दाबून आवाज बंद केला. गणितीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती डॉक्टरांना बोलवायला धावली. परत येते तो पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. त्या नर्सनं खरा अलार्म खोटा समजून बंद केला, ही अढी तिच्या मनात बसली ती बसलीच. खोटे अलार्म कमी झाले असते तर अशी चूक झाली नसती, हेच तिच्या सगळ्या कामाचं मूळ होतं.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं बैठकीच्या खोलीत तालमीला बसले. आधी तिनं ब्रदरचं काम सांगितलं, जरा रुक्षपणे, पण चुकली नाही. मग तो उभा राहिला. तिची आकडेमोड त्यानं चांगली घोटून ठेवली होती. आलेख झाले, तक्ते झाले, आणि एका वाक्यापाशी त्याचं घोडं अडलं.

“नर्सनं लगेच बटण दाबलं, म्हणजे...” तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबला.

“म्हणजे अलार्म खोटा,” ती म्हणाली. “त्यात काय अवघड आहे?”

“अवघड नाही गं. तोंडातून निघत नाहीये.” तो खुर्चीत बसला. “मी स्वतः आधी बटणच दाबायचो. खरा असला, तर आधी तेच. कानाशी यंत्र किंचाळत असलं की पेशंट घाबरतो, त्याचा श्वास आणखी चढतो. आधी आवाज बंद, मग माणूस. आम्हाला शिकवतातच तसं.”

गणितीला कानफटात बसल्यासारखं झालं. तिच्या प्रोग्रामनं चांगल्या नर्सचे खरे अलार्म वेचून वेचून खोट्यांत टाकले होते.

“हे तुमच्या टिपणांत कुठंच नाही, ब्रदर.”

“नाही.” त्यानं मान खाली घातली. “एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं, असं वाटलं. दार उघडून आत गेलो, असं कुणी लिहून ठेवतं का?”

दोन वर्षं शेजारी शेजारी टेबलं, आणि त्याला जे सांगण्याजोगं वाटलं नाही, ते विचारावं हे तिला सुचलं नाही. शिकलेल्या माणसांनाच जमावी अशी ही चूक होती.

ब्रदर म्हणाला, “हे बघ, उद्या मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणतो. समितीत वॉर्डातलं कुणी नाही. परवानगी मिळू दे, मग निवांत दुरुस्त कर.”

तिनं पिशवी उचलली आणि घरी गेली.

घरी आत्या भाजी निवडत बसली होती. बाबांची धाकटी बहीण. ते गेल्यापासून दोघी एकत्र राहत. त्या दुपारी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आत्याच उभी होती. गणितीनं चप्पलही न काढता विचारलं, “आत्या, त्या नर्सनं बटण दाबल्यावर पुढं काय केलं?”

आत्याचा हात थांबला. “तू तर पळालीस डॉक्टरांना आणायला. ती वाकली त्याच्याजवळ. म्हणाली, काका, मी आहे इथं, घाबरू नका. त्याचा हात धरला, आणि दुसऱ्या हातानं ते नाकावरचं नीट लावत होती. मग बाकीचे धावत आले. दादा तिच्याकडेच बघत होता गं. शांत झाला होता.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“कधी विचारलंस? त्या बाईचा विषय निघाला की तू उठून जायचीस.”

गणिती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. बाबांसाठी ती पूर्वीही रडली होती. आज त्यात लाज होती, आणि कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. आत्यानं भाजीचं ताट बाजूला सारून तिला जवळ घेतलं.

सकाळी समितीच्या दाराशी तिनं ब्रदरला गाठलं. “ते वाक्य म्हणू नका. खरं काय ते सांगा.”

“वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ दे.”

“मग माझंही सांगतो,” तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानं सगळं सांगितलं, तिची चूक आणि तिच्या जोडीला स्वतःची. समितीतल्या एका गृहस्थांनी भुवया चढवल्या. शेजारी बसून दोन वर्षं कळलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं.

“मी तिला टिपणं दाखवली, तिनं मला आकडे दाखवले,” ब्रदर म्हणाला. “दोघांनीही माना डोलावल्या.”

गणिती मागच्या रांगेत नियमाप्रमाणे गप्प होती. परवानगी मिळाली नाही, तिलाही नाही आणि त्यालाही नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मागं बघत त्या म्हणाल्या, “तू कधी वॉर्डात बसली आहेस?” तिनं नकारार्थी मान हलवली. “मग आधी बस. आकड्यांचं नंतर बघू.”

पुढच्या आठवड्यात ती ब्रदरबरोबर वॉर्डात गेली. त्यानं तिला कोपऱ्यातलं स्टूल दिलं आणि मध्ये मध्ये लुडबुडू नकोस म्हणून बजावलं. समोरच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या उशाशी बसलेल्या मुलीला डुलकी लागली होती.

अलार्म वाजला. मुलगी दचकून उभी राहिली. सिस्टर आली, हात वर गेला आणि आवाज बंद झाला. मुलीच्या चेहऱ्यावर संताप चढलेला गणितीला स्पष्ट दिसला. तो तिच्या पूर्ण ओळखीचा होता. मुलगी दाराकडे धावणार, तेवढ्यात गणितीनं स्टुलावरून उठून तिचा दंड धरला.

“थांब,” ती म्हणाली. “आता त्या काय करतात ते बघ.”

सिस्टर म्हाताऱ्यांच्या कानाशी वाकली होती. गणिती त्या मुलीचा दंड तसाच धरून उभी राहिली, आणि दोघी बघत राहिल्या.