टोलर्बीकर

टेबलावर सदुसष्ट कुप्या होत्या. मी दोनदा मोजल्या. एकसष्ट भरलेल्या, चार रिकाम्या, दोन तडकलेल्या. भरलेल्यांपैकी एकोणचाळीस कुप्यांत ती एकाच जातीची छोटी गोगलगाय होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित लहान, टोकाला काळपट. बाकीच्या बावीस कुप्यांत इतर शंख-शिंपले. प्रत्येक कुपीत कागदाची एक पट्टी, आणि पट्टीवर बाबांचं सरळ, छापल्यासारखं अक्षर.

"मोजून झालं असेल तर सांग," बाबा म्हणाले. "नाव काय दिलंय?"

माझ्या मोबाइलवर अकरा पानांचा शोधनिबंध उघडा होता. तो आम्हाला कुणी पाठवला नव्हता. मी झूलॉजी शिकते; त्या भागातल्या गोगलगायींवर नवीन काही छापून आलं की चार-आठ दिवसांत मला मेल यायची, तशी सकाळी आली होती. मी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं होतं आणि मग कुप्या मोजायला घेतल्या होत्या.

"अगं, सांग की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "खाली मिठाईवाला दहाला उघडतो. पेढे आणायचे तर आत्ताच."

"टोलर्बीआय," मी म्हणाले.

"हां," बाबा हसले. "लॅटिनमध्ये उच्चार तसाच होणार. तोंडवळीचं त्यांना तसंच जमणार."

"तोंडवळी नाही, बाबा. टोलर्बी. टोलर्बीआय."

आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

माझे बाबा, चंद्रहास तोंडवळकर, दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन आहेत. पुलांची, गटारांची, पार्किंगची चित्रं काढतात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे साहेब होते रॉजर टोलर्बी. एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी विचारलं, चंद्रा, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? बाबांनी सांगितलं, तोंडवळी हे मालवणजवळचं आमचं गाव, 'कर' म्हणजे तिथला. साहेब खुर्चीतून उठलेच म्हणे. त्यांच्याही आडनावात गाव होतं. इंग्लंडच्या उत्तरेला टोलर्बी नावाचं खेडं, वस्ती एकशे चाळीस, एक चर्च, एक दारूचा गुत्ता. शेवटचं 'बी' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत वाडी. "म्हणजे आपण दोघं एकाच पद्धतीने नाव पडलेली माणसं," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात ते टोलर्बीकर झाले.

साहेबांनी बाबांना इंटरनेटवरचं एक पान दाखवलं होतं: टोलर्बी आडनावाच्या नामवंत व्यक्ती. एकूण पाच. एक क्रिकेटपटू, एक बिशप, एक कालवे बांधणारा इंजिनिअर, एक चित्रकार बाई आणि एक खासदार. मग त्यांनी विचारलं, तोंडवळकरांपैकी कोण प्रसिद्ध?

बाबा रात्री जेवताना हे सांगत होते. मी तेव्हा नववीत होते.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" आईने विचारलं.

"म्हटलं, एक मास्तर होते. पेटी छान वाजवायचे."

"आणि तुमचा तो चुलता? टाकीच्या उद्घाटनाला टाकीत पडलेला? तो तर पेपरात आला होता."

"टोलर्बीत असला कोणी नसेल," बाबा म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

साहेबांना शंख-शिंपल्यांचा नाद होता. सुट्टीच्या दिवशी बाबा गाडी काढायचे आणि दोघं उम्म अल कुवैनच्या खाडीवर जायचे. कधीकधी मीही. साहेबांचा गुडघा निकामी होता, म्हणून ते गाडीजवळच्या कडक वाळूवर घडीची खुर्ची मांडून, थर्मास मांडीवर घेऊन बसायचे. चिखलात बाबा उतरायचे. खारफुटीतली तिवराची झाडं बाबांना घरची होती. त्यांची आई ओहोटीला खाडीत कालवं काढायला जायची, आणि पाय टाकण्याआधी नजर कुठे टाकायची हे त्यांना तिच्याकडून आलं होतं. ती गोगलगाय त्यांना २०१७च्या फेब्रुवारीत दिसली. मोडक्या लाकडी होडीच्या मागे, डावीकडच्या फाट्यावर, तिवराच्या चिखलातून वर आलेल्या मुळांवर. मी एका मुळावर अकरा मोजल्या होत्या. साहेबांनी भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, चंद्रा, ही कुठल्याच पुस्तकात नाही. आणि मग म्हणाले, तुझ्या गावाचं नाव हिला देऊ. मी बघतो ते. पुढच्या वर्षी इंग्लंडला परतताना त्यांनी निम्म्या कुप्या सोबत नेल्या, बाकीच्या आमच्याकडे राहिल्या.

बाबांनी ही गोष्ट सात वर्षं फक्त आम्हा दोघींनाच सांगितली. छापून येईपर्यंत बोलायचं नाही, असं ते म्हणायचे.

"बदलता येईल ना?" आता त्यांनी विचारलं. "कळवलं तर?"

"नाही. स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्त करतात. एकदा छापलेलं नाव तेच राहतं, कुणाचंही असलं तरी. तसा नियमच आहे."

"कायमचं?"

"हो."

"आत काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. नमुने गोळा करणारा: आर. टोलर्बी. नाव त्यांच्या सन्मानार्थ. आभाराच्या परिच्छेदात अकरावं नाव, 'वाहतुकीच्या मदतीबद्दल श्री. चंद्रा'. आणि नमुन्यांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे 'सीटी', खाली त्याचा खुलासा: कोस्टल ट्रान्सेक्ट, म्हणजे किनाऱ्यालगत आखलेली पाहणीची रेषा.

बाबांनी एक कुपी उचलून उजेडात धरली. पट्टीवर मोठ्या अक्षरात तारीख, जागा, मग 'आर. टोलर्बी'. उजव्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या आकारात, 'सीटी'.

"सीटी मी आहे," ते म्हणाले.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. त्यात इंजिनिअरचं नाव पूर्ण येतं आणि चित्र काढणाऱ्याची फक्त आद्याक्षरं. चोवीस वर्षं ते असंच लिहीत आले. कुप्यांच्या पट्ट्याही त्यांनी त्याच सवयीने लिहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेबांनी पाहिलं नव्हतं का?" मी विचारलं.

"पाहिलं ना. म्हणाले, काय सुंदर अक्षर आहे तुझं."

"फोन लावा," आई म्हणाली. "आत्ता लावा. माझ्यासमोर."

व्हिडिओ कॉल होता. साहेबांच्या मागे हिरवी खिडकी आणि पाऊस दिसत होता. त्यांनी बाबांना पाहून दोन्ही हात वर केले.

"माय डिअर चंद्रा! मी आज तुला लिहिणारच होतो."

"सर, पेपर वाचला."

"हो. हं. बघ, नाव देणं माझ्या हातात नव्हतं. संग्रहालयाने विचारलं, कुणी गोळा केले? मी पट्ट्यांचे फोटो पाठवले. पट्टीवर माझं नाव आहे, चंद्रा. तुझ्याच अक्षरात. मग मी काय सांगायचं?"

"आणि सीटी, सर?"

स्क्रीनवर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्यांनी विचारलं, तेव्हा पटकन काहीतरी सांगावं लागलं. पुढे दुरुस्त करू म्हटलं. मग ते राहून गेलं." ते पुढे म्हणाले, "माझ्या बहिणीने गावच्या चर्चमध्ये कात्रण लावलंय. तिला किती आनंद झालाय."

"अभिनंदन, सर," बाबा म्हणाले.

फोन ठेवताच आई त्यांच्याकडे वळली.

"अभिनंदन? तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत?"

"मग? फोन लावल्यावर माणूस काहीतरी बोलणारच."

"अहो, वाहतूक म्हणे! चिखलात तुम्ही, जळवा लागल्या तुम्हाला—"

"जळवा नव्हत्या. शिंपल्यांनी कापलं होतं."

"तेच ते!"

मी मोबाइलवर ते जुनं पान शोधलं. टोलर्बी आडनावाच्या नामवंत व्यक्ती आता सहा झाल्या होत्या. सहावे निसर्ग-अभ्यासक. मी ते बाबांना दाखवलं नाही. त्यांनीच नंतर कधीतरी पाहिलं असावं, कारण त्यानंतर ते साहेबांना टोलर्बीकर म्हणेनासे झाले.

तीन आठवड्यांनी साहेबांची मेल आली. शारजातल्या एका विद्यापीठात डॉ. लायबा नावाच्या बाई आहेत, त्यांना डीएनएसाठी जिवंत नमुने हवे आहेत. निबंधातल्या अक्षांश-रेखांशावर त्या दोन शनिवार शोधून आल्या, काही मिळालं नाही. चंद्रा, तूच त्यांना जागा दाखवू शकतोस.

बाबांनी निबंधातले आकडे नकाशावर टाकून पाहिले आणि निबंध आल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "हे खुर्चीचं ठिकाण आहे. खुर्ची जिथे असायची तिथले आकडे दिलेत."

"जाऊ नका," आई म्हणाली. "ड्रायव्हर पाठवा म्हणावं लंडनहून."

"त्या बाईंची काय चूक?"

त्यांनी शुक्रवारी ऑफिसातून परतल्यावर ए-थ्री कागदावर नकाशा काढला. गाडी लावायची जागा, मोडकी होडी, दोन फाटे, ओहोटीची वेळ, कुठे पाऊल रुततं, कुठे नाही. उजव्या कोपऱ्यात तक्ता आखला आणि त्यात पूर्ण नाव लिहिलं. मी ते कागदावर प्रथमच पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं नाव त्या तक्त्यात कधी घातलं नव्हतं. मग कागद गुंडाळून त्याला रबर लावलं.

शनिवारी पूर्ण ओहोटी सात चाळीसला होती. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून बाबा आणि मी साडेपाचला निघालो आणि पावणेसातला खाडीवर पोचलो. डॉ. लायबा आधीच आल्या होत्या. पस्तिशीच्या, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात परवान्याचं कार्ड, हातात पीव्हीसी पाइपची चौकोनी चौकट. मूळच्या लाहोरच्या.

"अंकल, आप न होते तो हम तीसरे हफ़्ते भी पार्किंग में घोंघे ढूँढ रहे होते," त्या म्हणाल्या.

बाबा हसले. काखेतला कागद त्यांनी पुढे काढायला घेतला होता.

"टोलर्बी साहब आपकी बहुत तारीफ़ करते हैं. कहते हैं, ऐसा ड्राइवर उन्हें फिर नहीं मिला."

कागद अर्धा बाहेर आला होता, तो तिथेच थांबला.

"हाँ," बाबा म्हणाले. "गाड़ी मैं ही चलाता था."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हा गाडीत ठेव."

"बाबा, त्यांना माहीत नाहीये. मी सांगते त्यांना."

"गाडीत ठेव म्हटलं ना."

मी कागद मागच्या सीटवर ठेवला आणि धावत त्यांना गाठलं. ते पुढे चालत होते. त्यांच्या पावलांत बाई पाऊल टाकत होत्या, आणि बाईंच्या पावलांत मी. पाणी घोट्याएवढं होतं. लहान खेकडे बिळात शिरत होते. मोडकी होडी आली. तिच्यापाशी खाडीचे दोन फाटे होतात. डावीकडे शंभर पावलांवर ती तिवरं दिसत होती, खाली उघडी पडलेली मुळं.

बाबा उजवीकडे वळले.

"बाबा, डावीकडे ना?"

"भरतीनं वाटा बदलतात."

"आत्ता ओहोटी आहे."

त्यांनी मागे पाहिलं. चिडलेले नव्हते. ऑफिसातून आल्यावर बूट काढताना दिसतात तसे दिसत होते.

"चल, पर्णिका."

"क्या कह रही है?" बाईंनी विचारलं.

"कीचड़ से डरती है," बाबा म्हणाले.

मी मागून चालत राहिले. बोलायला वेळ होता. उजवीकडचा फाटा दोनशे पावलं लांब होता आणि मी प्रत्येक पाऊल मोजत होते.

शेवटी तिवराचा एक मोठा झुबका आला. बाबा थांबले. "यहाँ," ते म्हणाले. बाईंनी चिखलाचा वास घेतला, मुळांना हात लावला, खूश दिसल्या. "जगह तो बिल्कुल सही लगती है." त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला. "तुम ज़ूलॉजी वाली हो, शीट तुम रखो."

त्या चौकट टाकायच्या, गुडघ्यावर बसून आतला चिखल बोटांनी चाळायच्या, मुळं वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि मला आकडा सांगायच्या. बाबाही त्यांच्यासोबत बसले होते आणि तितक्याच काळजीने चाळत होते. आठव्या चौकटीला बाईंनी विचारलं, "अंकल, पक्का यहीं?" बाबा म्हणाले, "सात साल हो गए, मैडम." बाईंनी मान हलवली आणि नववी चौकट टाकली.

सव्वानऊला पाणी वर चढायला लागलं. मी बेरीज केली, सही केली आणि शीट बाईंना दिली.

चौकटी बारा. प्रत्येक चौकट पाव चौरस मीटर. एकूण क्षेत्र तीन चौरस मीटर. वेळ एक तास अठ्ठावन्न मिनिटं. जिवंत गोगलगायी शून्य. रिकामे शंख शून्य.