तिसरी ‘अ’च्या चेटकिणी

माझ्या दोन्ही सुना एकाच शाळेत शिकवतात. थोरली तिसरी ‘अ’ला, धाकटी तिसरी ‘ब’ला. दोन वर्गांच्या मधे प्लायवूडची भिंत आहे. घरी तेवढीही नाही.

गोष्टी-कविता लिहायचा शनिवारचा तास दोन्ही वर्गांना मिळून थोरलीच घ्यायची. तो तिचा मान होता. फळ्यावर मुद्दे द्यायचे, मुलांनी ते फुगवायचे, शेवटी तात्पर्य. मग धाकटी नोकरीला लागली आणि हेडबाई म्हणाल्या, “यंदा आपापल्या वर्गाला आपापलं शिकवा. ज्या वर्गाच्या गोष्टी ऐकताना मी घड्याळ बघणार नाही, त्या बाईंकडे पुढच्या वर्षीपासून तास.”

झालं. थोरली अशी धुमसायला लागली, की हिवाळाभर आम्ही पाणी तापवलं नाही. बादली तिच्याशेजारी ठेवायची, वाफ आली की अंघोळीला जायचं. खोटं वाटत असेल तर माझ्या थोरल्या मुलाला विचारा, तो भाजला होता.

धाकटीची रीत निराळी. मुलांच्या जोड्या लावायच्या, जोडीतल्या एकानं धडधडीत थाप मारायची, दुसऱ्यानं नुसतं “मग?” विचारत राहायचं. थाप दमली की लिहायला बसायचं. भिंतीपलीकडून “मग? मग?” यायचं आणि त्यामागून हसू. ते हसू थोरलीला नखात शिरलेल्या कुसळासारखं सलायचं.

“खोटं बोलायला शिकवतेस होय गं मुलांना?” भाजी चिरताना तिनं विचारलं.

“ताई, खोटं ती घरूनच शिकून येतात. मी फक्त लिहून घेते.”

“घरातल्या म्हाताऱ्यांकडून शिकत असतील,” म्हणत थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

शेवटी तिनं गुपचूप धाकटीचीच रीत उचलली. पण जित्याची खोड. एक मुलगी म्हणाली, “आमची म्हैस ढगावर चढली.” थोरली म्हणाली, “म्हशीचं वजन किती असतं? बस खाली.” एक मुलगा म्हणाला, “माझ्या बुटात नदी आहे.” थोरली म्हणाली, “मोजे वाळत घाल.” बघता बघता वर्ग चिडीचूप, आणि पलीकडे हास्याचा गडगडाट.

“कशाला हसताहेत, ठाऊक आहे?” थोरली तणतणली. “तिथं एक चेटकीण आहे.”

सगळ्या माना वर आल्या. “मग?”

इथं गप्प बसायला हवं होतं. पण पोटातलं ओठावर आलंच. “गोड बोलते. सगळ्यांचं हसू डब्यात भरून घरी नेते. घरातले सगळे तिचेच. सासरासुद्धा.”

“मग?”

“मग मोठ्या चेटकिणीकडे कुणी बघतच नाही.”

“म्हणजे दोन आहेत, बाई?”

थोरलीच्या बोटांत खडू मोडला. “दोन आहेत,” ती म्हणाली. “लिहा आता.”

आणि पोरं सुटली. तात्पर्याची आठवण कुणाला राहिली नाही, बाईंनाही.

वाचनाच्या दिवशी मीही पालकांत जाऊन बसलो. ‘अ’च्या एका पोरानं आपल्या गोष्टीत मोठ्या चेटकिणीला धाकटीसारखे केस हवेत म्हणून घोड्याची शेपटी लावली होती, घोडा अजून शोधत होता. एका चिमुरडीनं कविता म्हटली:

मोठी चेटकीण रुसली फार,
लावून घेतलं घराचं दार.
धाकटी म्हणे, उघड, बघ,
मीही रुसते बाहेर मग.

हेडबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. घड्याळ त्यांना दिसलं असतं तरी कळलं नसतं. तास थोरलीला मिळाला.

चेटकिणी कोण, हे अख्ख्या सभागृहाला कळलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या धाकटीनं वाजवल्या. “ताई, मला हे सात जन्मांत सुचलं नसतं,” ती म्हणाली. “मला पण शिकवा ना.”

थोरलीनं तिच्या चेहऱ्यावर हेवा शोधला. वाटेत शोधला, जिन्यात शोधला, ओट्यापाशी शोधला. औषधालाही सापडला नाही.

रविवारी दुपारी ती माझ्याजवळ आली. “बाबा, तास मला मिळाला ना?”

“मिळाला की.”

“मग तिला काहीच कसं वाटत नाही?”

आतल्या खोलीत धाकटी ढाराढूर झोपली होती, बारीक घोरत. थोरलीनं दारापाशी खुर्ची ओढली आणि त्या झोपेकडे अशी बघत बसली, जणू ती झोपही धाकटीनं आपल्याकडूनच नेली होती.