कापराची पुरचुंडी

ज्या साली स्वाइन फ्लू आला त्या साली मी नवीन पनवेलातल्या एका कॉलेजच्या गेटवर होतो. कॉलेजचं नाव नाय सांगत. नाव सांगून काय करायचं, माणसं अजून तिथं नोकरी करतायत. माझं नाव काशिराम, पण कॉलेजात काशिराम फक्त प्रिन्सिपल कृष्णकांत सर म्हणायचे. पोरांना मी मामा. हजार-बाराशे पोरांचा मामा.

ऑगस्टात पुण्यात माणसं मरायला लागली आणि पुण्याची एसटी तर आपल्या पनवेलात दर घडीला येते. सरकारने शाळा-कॉलेजं आठ दिवस बंद ठेवली. मग उघडली तवा सर स्वतः गेटवर आले. टेबल मांडलं, बालदी ठेवली, साबण ठेवला, रजिस्टर ठेवलं.

"काशिराम, शिंकणारा, खोकणारा, तापाचा एकही मुलगा आत येता कामा नये. हे गेट तुझं."

म्हटलं, "सर, शिंक काय ओळखपत्र दाखवून येते काय?"

"जास्त बोलू नकोस. ज्याचं तोंड लाल दिसेल त्याला घरी पाठव."

आता घरी आमची कुमुद. ती म्हणाली, "तुमच्या साहेबाने हाताला साबण दिला. नाकाला काय दिलं?" तवा बाजारात सगळीकडं तेच चाललं होतं. कापूर नि वेलदोडा फडक्यात बांधायचा आणि हुंगत बसायचं, म्हणजे फ्लू जवळ येत नाय. वाणी कापराच्या वड्या मोजून द्यायला लागला होता, एवढा तुटवडा. कुमुदने जुनं लुगडं फाडलं, रात्रीत पन्नासेक पुरचुंड्या बांधल्या. वर निलगिरीचा थेंब. मी त्या गेटवर नेल्या आणि पोरांना वाटल्या.

पोरं एक नंबरची वात्रट. ती रेवा, दुसऱ्या वर्षाची, पुरचुंडी उलटीपालटी करून म्हणते, "मामा, खरं सांगा, ही तुमची लुंगी ना?"

"माझी लुंगी हुंगशील तर फ्लू काय, शुद्धपण जाईल तुझी. घे गुमान."

हसायची, घ्यायची. पण दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं घरी विसरून यायची. सगळ्यांना रोज कुठून देऊ? मग मी एक मोठी पुरचुंडी बांधली, लिंबाएवढी, आणि केबिनच्या खिडकीला सुतळीने टांगली, बरोबर नाकाच्या उंचीवर. विसरलास? ये, हुंग. जोरात. अजून एकदा. हां, जा आत. देवळात तीर्थ देतात ना, तसं मी एकेकाला देत होतो. गोरा, काळा, साहेबाचा, मजुराचा, सगळ्यांना सारखं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी बघितलं, स्वतः वाकून हुंगलं आणि म्हणाले, "चांगलं केलंस हं, काशिराम." पेपरवाला आला, त्याने आमचा दोघांचा फोटो काढला. मधे पुरचुंडी.

कॉलेजात शिकलेली एवढी माणसं. सायन्सचे सर, मॅडम. सगळे तिथूनच आत गेले. एकाच्यापण डोक्यात आलं नाय. माझ्या तर कुठून येणार?

गुरुवार होता. सत्यजीत नावाचा पोरगा आला. सुट्टीत पुण्याला मामाकडं जाऊन आलेला. नाकाचा शेंडा लाल.

मी म्हटलं, "काय रे, नाक कशाने रंगवलंस?"

"मामा, सायनस आहे, जुना. आज प्रॅक्टिकल आहे हो, सोडा ना. बुडलं तर वर्ष जाईल."

त्याच्या मागं रांग होती. त्याचं तोंड बघून मला दया आली. म्हटलं, "जा. पण दोनदा हुंग." त्याने दोन्ही हातांनी पुरचुंडी धरली, नाक आत खुपसलं, चांगलं दोनदा ओढलं आणि गेला.

त्याच्या मागं रुमाना होती. लायब्ररीत कामाला. मोहल्ल्यातली पोर, नवरा फारूक कुवेतला. सातवा महिना चालू होता तिला. ती आपलं समजूनसवरून वागणारी. नाकातोंडाला स्वच्छ धुतलेला रुमाल, मागं गाठ मारलेली, हाताला साबण लावला, धुतले. माझ्या पुरचुंडीकडं बघून मान हलवली.

"मामा, मला नको. वासाने मळमळतं."

"अगं, तुलाच जास्त पायजे. दोन जिवांची तू. सोड रुमाल."

"राहू दे ना मामा."

"एकदा. या म्हाताऱ्यासाठी."

तिने रुमाल खाली केला. हसली. वाकली आणि हुंगलं. माझ्या समाधानासाठी, बाकी कशासाठी नाय.

त्याच दिवशी संध्याकाळी सत्यजीतला ताप भरला. बाप शहाणा, पुण्याहून आलेला पोरगा म्हणून सरळ सरकारी दवाखान्यात नेला. शनिवारी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

दुपारी दवाखान्याची गाडी आली. एक डॉक्टरीणबाई, बारकी, थकलेली, आवाज बसलेला. सत्यजीत कोणत्या बाकावर बसतो, बाजूला कोण, प्रॅक्टिकलला टेबलावर कोण, सगळी यादी केली. त्या पोरांना गोळ्या दिल्या. मग गेटवर आली. सर बाजूला उभे.

"इथे काय काय करता?"

मी बालदी दाखवली, साबण दाखवला, रजिस्टर दाखवलं.

"एकच टॉवेल, एकच पेला, असं काही सगळे वापरतात का? एकाच्या नाकातोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या नाकातोंडाला लागते, असं?"

तिने एवढं म्हटलं आणि माझा हात खिशावर गेला. तोवर मला कळलं नव्हतं. सुतळी मी नुकतीच सोडली होती, गाडी आली तवा टेबल आवरताना. पुरचुंडी माझ्या खिशात होती. ओलसर. दिवसभर शे-दीडशे नाकं लागलेली वस्तू, ओलसर नाय राहाणार तर काय.

"नाय बाई," मी म्हटलं. "तसलं काय नाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं. पेपरातला फोटो दोघांनापण आठवला असणार.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्टाफमध्ये गरोदर बाई, दम्याचा पेशंट, असं कोणी आहे? त्यांना हा आजार फार वाईट लागतो. थोडी जरी शंका असेल तरी मी आजच गोळी सुरू करीन."

सर म्हणाले, "लायब्ररीत एक आहेत. पण त्यांचा त्या मुलाशी काही संबंध नाही. तो मुलगा लायब्ररीच्या पायरीवरसुद्धा कधी चढलेला नाही." दोन-तीन मास्तर हसले. डॉक्टरीणबाई पण जराशी हसली. तिने वही मिटली.

रुमाना तवा घरी गेली होती, अर्धा दिवस होता. मी तिथं उभा होतो, तोंड होतं, जीभ होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी काँट्रॅक्टवरचा माणूस, जूनमध्ये सही, मेमध्ये सुट्टी. ते एक कारण. पण खरं कारण लाज. हजार पोरांच्या मामाने आपल्या हाताने आजार वाटला, हे तोंडातून निघेना. आणि मनाला सांगितलं, कापूर हाय आत, कापरात काय जगतंय?

घरी जाऊन पुरचुंडी चुलीत टाकली. कुमुद म्हणाली, "जाळली कशाला?" मी म्हटलं, "वास गेला तिचा."

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. त्या वर्षी गणपती आणि पहिला रोजा एकाच दिवशी आले. भावाच्या घरी आरती चाललेली, सगळं खटलं गोळा झालेलं, पोरं झांजा बडवतायत. ताटात कापूर पेटवला. तो वास माझ्या नाकात गेला आणि मला तिथं उभं राहावेना. आरती अर्धी टाकून बाहेर आलो, चपला घातल्या, सरळ मोहल्ला गाठला.

हलीमाभाभीने दार उघडलं, रुमानाची सासू. ओठ सुकलेले रोज्याने.

"या काशिरामभाऊ. आज गणपती सोडून इकडं कुठं?"

"रुमाना कशी हाय?"

"सर्दी झालीय. काल संध्याकाळच्या मगरिबपासून बुखार. बाजूच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात, झोपलीय."

आत गेलो. झोपली कुठली? उशाला टेकून बसलेली. श्वास असा घेत होती, जशी आत्ताच कर्नाळ्याचा किल्ला चढून आलीय. मला बघून रुमाल नाकाला लावला. त्या हालतीत, मला होऊ नये म्हणून.

"भाभी, ही सर्दी नाय. कॉलेजातला एक पोरगा पॉझिटिव्ह निघालाय. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यायचं."

"या अल्ला! हिचा त्याच्याशी काय संबंध?"

"ते मग सांगतो. चादर घ्या."

रिक्षा थांबेनात. एक थांबला, रुमाल नि खोकला बघितला आणि गियर टाकून पळाला. मी पुतण्याला फोन केला. शिवा, त्याचा टेम्पो उलव्याला खडी टाकायचा.

"काका, गणपतीच्या दिवशी?"

"गप. गाडी घेऊन ये."

खडीच्या टेम्पोत गादी टाकली, तिला भाभीच्या मांडीवर निजवली आणि मी फळीला धरून उभा राहिलो. प्रत्येक खड्ड्याला ती पोटावर हात ठेवायची. शिवाला मी काय काय शिव्या दिल्या ते सांगत नाय.

दवाखान्यात तीच डॉक्टरीणबाई. रुमानाला आत घेतलं, नळी लावली, गोळी दिली. बाई बाहेर आल्या तवा मी जिन्याखाली गाठलं त्यांना.

"बाई, मी काल खोटं बोललो." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाय. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वही उघडली. "गुरुवारी त्या मुलाच्या मागून कोणाकोणाला हुंगवलंत? आठवतं?"

गेटवरचा माणूस तोंडं विसरत नाय. मी तेवीस नावं सांगितली, वर्गासकट. त्या लिहीत गेल्या. मग पेनाला टोपण लावलं.

"काल सांगितलं असतंत तर काल दुपारीच तिला गोळी मिळाली असती. मामा, हा आजार हवेतून येतो. पुरचुंडीतूनच आला असं मी सांगू शकत नाही, आणि नाही आला असंही नाही. पण काल तुम्ही एक नाव सांगितलं असतंत तर..." आतून कोणीतरी हाक मारली, त्या गेल्या.

तेवीसच्या तेवीस पोरांना त्याच दिवशी शोधून काढलं. तिघांना ताप निघाला. रेवापण त्यात होती. गोळ्या मिळाल्या, सगळी बरी झाली.

रुमानाला मुंबईला हलवली, श्वासाच्या मशिनवर टाकली. चौथ्या दिवशी पोट चिरून पोर काढली. मुलगी, दीड किलोची. फारूक कुवेतहून आला तवा विमानतळावर त्याला अर्धा तास अडवून ताप बघितला. त्याला ताप नव्हता. गणपती विसर्जन झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी रुमाना गेली. पिशवीत गुंडाळून आणली. हलीमाभाभीला तोंडपण नीट बघू दिलं नाय.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "काशिराम, झालं ते झालं. डॉक्टरसुद्धा नक्की काही सांगत नाहीत. आता हे बाहेर बोलू नकोस. कॉलेजचं नाव आहे." मग हळूच म्हणाले, "फोटोत मीपण आहे रे." त्यांनापण झोप नव्हती, दिसत होतं.

मी गप्प राहिलो असतो. पण हलीमाभाभी गप्प राहीना. ती अख्ख्या मोहल्ल्यात सांगत सुटली, काशिरामभाऊ नसता तर पोरगीपण हाताची गेली असती. रिक्षावाले पळाले, हा आपला सण सोडून आला. मी बाजारात गेलो तर अनोळखी माणसं सलाम करायची. एक खजूरवाला पैसे घेईना. म्हातारी रोज नमाजानंतर माझ्यासाठी दुवा मागते, असं कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी कुमुदसमोर रडलो. ती म्हणाली, "कापूर मी बांधला. मीपण येते."

"तू नाय यायचं. हुंगायला मी लावलं."

रुमानाचा चाळिसावा दिवस झाल्यावर गेलो. फारूक घरी होता, दाढी वाढलेली. भाभीने काय विचारायच्या आत ती चिमणी माझ्या मांडीवर ठेवली. "बघा तुमच्या नातीला." हातभरपण नव्हती. माझं बोट धरलं तिने.

मांडीवर पोर घेऊनच मी बोललो. पुरचुंडी, सत्यजीत, रुमाल खाली कर म्हटलं ते, शनिवारी डॉक्टरीणबाईंना नाय म्हटलं ते. काय वगळलं नाय. डॉक्टर नक्की सांगत नाय हेपण नाय सांगितलं, ते बोललो असतो तर सुटायला बघितल्यासारखं झालं असतं.

भाभी ऐकत होती. मग तिने मानेखाली हात घालून पोर उचलली, माझ्या बोटातून तिची मूठ सोडवली आणि आत गेली. पडदा सोडला.

फारूक पडद्याकडं बघत होता. मग म्हणाला, "बाकीच्या पोरांची नावं डॉक्टरला दिलीत?"

"दिली. तेवीस."

"सगळी वाचली?"

"सगळी."

"शनिवारी दिली असती तर चोवीस होती," तो म्हणाला. शांतपणे, हिशेब नीट करावा तसा. "जा मामा आता. मी तुम्हाला काय बोलणार नाय. पण येऊ नका. अम्मी बोलवेल तवा या."

मी उठलो. उंबऱ्यापाशी थांबलो, आतून काय ऐकू येतंय काय म्हणून. पोर रडत होती, भाभी तिला थोपटत होती. दुसरं काय नाय.

त्याला आता सात वर्षं झाली. गेट मी पुढच्याच मेमध्ये सोडलं, काढलं कोणी नाय. पोर शाळेत जाते म्हणतात, आईसारखी दिसते म्हणतात. मी बघितली नाय. बाजारात जायचं तर मोहल्ल्याची वाट जवळची, पण मी तळ्याकडून वळसा घालून जातो. बोलावणं अजून आलेलं नाय.