हेडरमधला अध्यक्ष

मनसाराम वाघाडेला गावात सगळे ओळखत. कागद मात्र ओळखत नव्हते, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

चामोर्शीपासून आत, कोसमटोल्याच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष. अख्ख्या तळ्याचा कारभार सांभाळणारा माणूस म्हणजे लहान असामी नव्हे, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. पण त्या दिवशी गडचिरोलीच्या साहेबानं मासळीचा तक्ता मागूनपुढून पाहिला आणि विचारलं, "अध्यक्ष कोण तुमचा?" अध्यक्ष त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

मनसाराम तणतणत घरी आला. संस्थेचं कॉम्प्युटरचं काम त्याची सून दामिनी घरीच पाहायची.

"कागदावर माह्यं नाव काऊन नाई?"

"मामाजी, दर खेपेले नव्या शीटवर टाकावं लागते. या खेपेले राहून गेलं."

"मंग कायमचं टाकून दे ना. मी मेलो तरी निघाले नाई पायजे."

"तेवढी घाई कायले करता?" आतून त्याची बायको कुंता म्हणाली.

मनसारामनं तिकडे कानाडोळा केला. महिन्याभरावर अख्खं गाव सभासद असलेल्या संस्थेची निवडणूक होती, समोर दरवेळसारखा वामनराव उभा होता, आणि अध्यक्षपद गेलं तर आपल्याला गावात कोण विचारणार, या काळजीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

दामिनीनं एक्सेलची कोरी शीट उघडली. वर हेडरमध्ये लिहिलं, 'श्री. मनसाराम वाघाडे, अध्यक्ष'. खालच्या फूटरचा मजकूर मनसारामनं कुठल्याशा बॅनरवर पाहिला होता, तो त्यानं खड्या आवाजात सांगितला, "काही अडचण असल्यास संपर्क करा." पुढे स्वतःचा मोबाइल नंबर. दामिनीनं ती शीट टेम्प्लेट म्हणून ठेवली. आता त्या कॉम्प्युटरवर निघणारी प्रत्येक नवी शीट हे नाव आणि हा नंबर घेऊनच जन्माला येणार होती.

"पण दिसून तं नाई राह्यलं," मनसाराम स्क्रीनला नाक लावून म्हणाला.

"इथी नाई दिसत. छापल्यावर दिसते." तिनं एक पान छापून दाखवलं. मनसारामनं ते घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून कुंताला नेऊन दाखवलं. कुंता तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पानी भरून आना."

चारच दिवसांत ग्रामपंचायतीचा प्रिंटर बंद पडला. गावात दुसरा प्रिंटर संस्थेचाच, दामिनीजवळचा. मग नळाच्या वेळा, बकऱ्यांच्या लसीकरणाची यादी, शाळेतल्या अंड्यांचं वाटप, सगळं दामिनीकडे आलं. स्क्रीनवर मामाजींचं नाव दिसत नव्हतं, त्यामुळे तेही सोबत छापलं जातंय हे तिच्या ध्यानात आलं नाही. छापलेले कागद पंचायतीच्या शिपायानं भराभर उचलले आणि गावभर चिकटवले.

पहिला फोन नथ्थूचा. "मनसारामभाऊ, नळ काऊन नाई आला?"

"मले काय विचारून राह्यला बे? मी काय नळवाला हाओ?"

"कागदावर तं तुमचंच नाव हाये. अडचण असली तं फोन करा म्हनून लिवलं हाये."

मनसाराम हातपंपाजवळ चिकटवलेला कागद पाहायला गेला. खरंच की! नळाच्या वेळांच्या डोक्यावर तो स्वतः बसला होता. भोवती पाच-सात बाया रिकामे हंडे-गुंड घेऊन उभ्या होत्या, आणि त्या त्याच्याकडे ज्या आदरानं पाहत होत्या, तसं त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. नाव चुकून आलं, हे वाक्य त्याच्या जिभेवर येऊन परत फिरलं.

"पाहतो," तो म्हणाला, आणि नळवाल्याला झोपेतून उठवायला निघाला.

झालं, माणूस अडकला. भागीरथाबाईचं अंगठ्याच्या घोळात रेशन अडलं होतं, तिला फटफटीवर बसवून चामोर्शीला न्यावं लागलं. एका पोराला फुटकं अंडं मिळालं म्हणून त्याची आई भांडायला आली, तर मनसारामनं घरच्या कोंबडीचं देऊन मिटवलं. लसीकरणाच्या दिवशी तर गावातल्या साऱ्या बकऱ्या त्याच्या अंगणात. जनावरांच्या डॉक्टरला फोन करकरून दुपारी आणवला, तोवर बकऱ्यांनी कुंताचा वालाचा वेल मुळासकट साफ केला होता. कुंता त्या दिवशी जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दामिनीला वाईट वाटलं. "मामाजी, काढून टाकतो ना मी ते नाव. दोन मिनटाचं काम हाये."

"नोको," मनसाराम पाय चोळत म्हणाला. "आता काढलं तं लोक म्हनतीन, भाऊ पळाला."

वामनरावानं आरडाओरडा केला. शाळेच्या अंड्यांवर अध्यक्षाचं नाव कशाला? हा तर फुकटचा प्रचार! त्यावर नथ्थूनं शांतपणे विचारलं, "मंग नळवाल्याले उठवाले तुमी जाता काय?" वामनरावाला एकदम शेतातलं काम आठवलं.

तरी मतदानाच्या दिवशी मनसाराम सकाळपासून येरझारा घालत होता. ज्यांची कामं झाली ते विसरले असतील आणि ज्यांची राहिली त्यांना चांगलं आठवत असेल, हे त्याला ठाऊक होतं. बकऱ्या तर मत देत नाहीत. मोजणी झाली आणि तो चांगल्या फरकानं निवडून आला. पोरांनी त्याला गुलालात बुडवून घरी आणलं.

कुंता अंगणात विळी घेऊन मासे साफ करत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "म्या बी तुमालेच देलं या खेपेले."

मनसारामचं हसू जागीच थांबलं. "या खेपेले म्हंजे? आन् याच्या पह्यले?"

"वामनभाऊले."

"दर खेपेले?"

"मंग? पह्यले तुमी काय करत होते, नुसतं खुर्चीवर बसत होते."

बाहेर पोरं अजून त्याच्या नावानं ओरडत होती. मनसारामला खरं तर संताप यायला हवा होता. पण सगळ्या गावाच्या मतांनी झाला नव्हता एवढा आनंद त्याला या एका मतानं झाला, आणि तो लपवायचा कसा हेही त्याला सुचेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं माशांची टोपली आपल्याकडे ओढली.

"राहू द्या, अध्यक्षसाहेब," कुंता म्हणाली. पण तिनं विळी त्याच्याकडे सरकवली.