तोंडावरचा हात

"दिस्कुल्पे नको गं मला. ते रस्त्यात धक्का लागल्यावर म्हणायचं. मला मोठं शिकव."

"मोठं म्हणजे पेर्दोनार, आई. मन दुखलं, तर पेर्दोनार." सूनबाई स्पॅनिश मुलखातली. तिचं मराठी नवऱ्याकडून शिकलेलं, तुटकं पण गोड.

"हां, तेच. 'मी तुम्हाला माफ करते' कसं म्हणायचं?"

"ला पेर्दोनो. पण आई, 'मला माफ करा' पण शिका. पेर्दोनेमे."

"ते कशाला? माझं काय चुकलंय?"

असं म्हणून कवळीबाईंनी हातातल्या कवळीचा दात कानशीने घासायला घेतला. दाताचे डॉक्टर मापं पाठवत आणि बाई घरामागच्या खोलीत कवळ्या करत. गल्लीतलं निम्मं हसू आपल्या हातचं आहे, असं त्या सांगत आणि ते खोटं नव्हतं. समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, दात कुणी केलेत हे त्या ओळखत.

माफ करायचं होतं ते विहीणबाईंना. मुलाचं लग्न परदेशात झालं, बाईंनी ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. नटूनथटून बसल्या होत्या. पण विहीणबाई पडद्यावर आल्या त्या तोंडावर हात धरूनच. ना हसणं, ना बोलणं, नुसती मान हलवायची. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तोंडसुद्धा दाखवायचं नाही म्हणजे काय! आम्ही काय रस्त्यावर पडलोय?" असं म्हणून त्यांनी सरळ फोन बंद केला. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. आई तशीच आहे, लाजते, असं सूनबाईने कितीदा सांगितलं. बाईंना ते पटलं नाही.

आता लेकीला भेटायला विहीणबाई येणार होत्या आणि बाईंनी मन मोठं करायचं ठरवलं होतं. ला पेर्दोनो, ला पेर्दोनो. भाजी चिरताना, कवळीच्या साच्याचं मेण वितळवताना त्यांची घोकंपट्टी चालली. सूनबाई मागून हट्टाने म्हणायची, "पेर्दोनेमे." तेही मग न शिकता पाठ झालं.

विहीणबाई आल्या. बारीक चणीच्या, डोळे हसरे आणि तोंडावर तोच हात. बाईंनी घसा साफ केला, वाक्य जिभेवर आणलं. तेवढ्यात विहीणबाई काहीतरी म्हणाल्या आणि त्यांच्या बोलण्यातून एक बारीक आवाज आला. टक्.

कवळीबाई जागच्या जागी थिजल्या. वरची कवळी. सैल. बोललं की सुटते, खालच्या दातांवर आपटते. हसलं तर बाहेरच यायची. फोनवर तो आवाज पोचला नसेल, पण हात तर दिसत होता! जन्मभर ज्यांची तोंडं पाहिली ती माणसं अशीच तर हात धरून दारात उभी राहायची. दिव्याखाली अंधार तो हाच.

"विचार गं त्यांना," त्या सुनेला म्हणाल्या, "लग्नातपण कवळी अशीच सैल होती का?"

विहीणबाई लाल झाल्या. हळूहळू, हाताआडूनच बरंच बोलल्या. सूनबाईचा चेहरा उतरला.

"मला पण माहीत नव्हतं, आई. मम्मा म्हणते, तेव्हा ती हाताच्या मागे एकदा हसली आणि दात खाली आले. तिला वाटलं तुम्ही ते बघितलं. किळस आली, म्हणून फोन बंद केला."

कुणी तोंडात मारावी तसं बाईंना झालं. इतके दिवस ही बाई स्वतःच्याच दातांची लाज घेऊन जगली आणि आपण तिला माफ करायला निघालो होतो! त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

पण रागावून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. विहीणबाई घुटमळल्या, मग पाठ फिरवून त्यांनी कवळी काढली आणि त्या तळहातावर ठेवली. बाईंनी माप घेतलं, आतून नवा थर दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या. असलं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणी करत नव्हतं आणि त्या दिवशी तर त्यांनी जीव ओतला.

कवळी परत देताना त्या म्हणाल्या, "पेर्दोनेमे."

विहीणबाईंना दातांशिवाय उत्तर देता येईना. त्यांनी आधी कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली, दात दाबून पाहिले. बाई परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशा उभ्या होत्या.

"पेर्दोनादा," विहीणबाई म्हणाल्या. म्हणजे, केलं माफ. टक् झालं नाही. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं आणि त्या खळखळून हसल्या. सवयीने हात वर आला, हनुवटीपर्यंत पोचला, तिथे जरा थांबला आणि खाली गेला.